चौथरा तोच: पणजीच्या रात्रफेरीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन आज संपलं. दीड महिना पणजीत गाडी लावायला जागा नव्हती. आज संध्याकाळी बागेजवळ चक्क पहिल्याच चकरेत मिळाली. शुभशकुन समजून कामाला सुरुवात.

काम असं: पणजीची दोन तासांची रात्रफेरी, मराठीतून. दिवसाउजेडी फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या रंगीत भिंतींपुढे माणसं उभी करणाऱ्या फेऱ्या पुष्कळ आहेत, बहुतेक इंग्रजीतल्या. पुण्या-कोल्हापूरहून आलेला पाहुणा संध्याकाळी मांडवीच्या काठाने कॅसिनोच्या पाट्या वाचत फिरतो आणि पणजीची रात्र ती एवढीच असं समजून घरी जातो. मला याची चीड आहे. कॅसिनो असे किती जुने? जुगाराचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांसाठी वाट काढली. म्हणजे माझ्या लग्नानंतरची गोष्ट.

मंडळी तीन. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, भाची वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला, आणि एक मित्र, जो लग्नकार्याला स्पीकर भाड्याने देतो. भाचीने पहिल्याच बैठकीत अट घातली, ‘‘मामा, इमारतींवर तू बोलायचं नाहीस. तू काहीही सांगतोस.’’ मान्य केली. मार्ग ठरला: आझाद मैदान, बाग, इगर्ज (म्हणजे चर्च), फोंतेन्हास, जुनं सचिवालय, धक्का.

११ जानेवारी, शनिवार

आज मोजमाप. म्हणजे भाचीने पावलं मोजली आणि मी माणसांना प्रश्न विचारले. बागेच्या मधोमध जो उंच खांब आहे तो कशाचा, असं बाकांवरच्या सात जणांना विचारलं. पाच जण म्हणाले अशोकस्तंभ. एकाला तो कुणा हुतात्म्याचा वाटला. सातव्याने मलाच विचारलं, ‘‘तूं कोण?’’

खांब १८९८ चा. वास्को द गामा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून उभारलेला, आणि वर त्याचाच अर्धपुतळा होता. गोवा मुक्त झाल्यावर अर्धपुतळा उतरला, सिंह चढले. खांब पाडायची तसदी कोणी घेतली नाही. गंमत पुढे आहे. बागेसमोरच पहिल्या मजल्यावर क्लुब वास्को द गामा, १९०९ साली स्थापन झालेला. खांबावरून उतरला तो रस्ता ओलांडून बाल्कनीत जाऊन बसला, असं मी फेरीत सांगणार. भाचीला हे पोरकट वाटतं.

बागेचं नाव मात्र जास्त बोचरं आहे. गार्सिया द ओर्ता हा सोळाव्या शतकातला वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मेल्यावर तो छुपा ज्यू ठरला आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. मग त्याच राज्याने पुढे कधीतरी त्याच्या नावाने बाग केली. संध्याकाळी तिथे पोरं झोपाळ्यावर असतात. त्यांना यातलं काही सांगायची गरज नाही, पण फेरीतल्या मोठ्यांना सांगणार.

तिथून आझाद मैदान. मंडपाचे नक्षीदार खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या डॉमिनिकन वास्तूतून आणलेले. आत पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा उभा होता. तो आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. त्याच्या जागी आज डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचा अस्थिकलश. ज्याने शहर जिंकलं त्याच्या मंडपात, ज्याने ते परत मागितलं तो माणूस.

घरी येऊन वहीत दोन रकाने आखले: चौथरा, आणि त्यावर कोण. पहिल्या रकान्यात एकदाच लिहावं लागतं. दुसऱ्यात खोडाखोड.

१९ जानेवारी, रविवार

सबंध संध्याकाळ एकट्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी घालवली. दुसऱ्या रकान्यात ज्याच्यापुढे खोडाखोड नाही असा हा एकच. १९४५ मध्ये, पोर्तुगीज राज्यात बसवलेला, आणि मुक्तीनंतरही कोणी हात लावला नाही. कारण साधं आहे: हा आपला. जन्म १७५६, कांदोळी. बापाबरोबर लहान वयात लिस्बनला गेला, रोमला शिकून पाद्री झाला, पॅरिसला संमोहनावर व्याख्यानं देऊन गाजला आणि १८१९ मध्ये तिथेच मेला. त्याच्या काळी लोक समजत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकी द्रव निघतो. फारिया म्हणाला, माझ्या अंगात काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. भाजीची गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे: राणीसमोर प्रवचन देताना पोर घाबरलं तेव्हा बापाने कोंकणीत कुजबुजून सांगितलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. खरी असो नसो, फेरीत सांगितल्याशिवाय लोक जाऊ देणार नाहीत.

पण मला बोलायचंय ते शिल्पाबद्दल. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, आपलाच. शिक्षक म्हणून तीस वर्षं मुलांना मानवाकृती शिकवल्या, त्या अधिकाराने लिहितो: सगळा जीव त्या पसरलेल्या हातांत आहे. पाद्री पुढे झुकलाय, खाली बाई मागे कलंडतेय, आणि दोघांच्या मधली मोकळी जागा ही शिल्पाची तिसरी आकृती आहे. हात तिला शिवत नाहीत. शिवले असते तर मारामारी झाली असती. लहानपणी आम्हाला तो तिला मारतोय असंच वाटायचं. बसमधून उतरलं की आई म्हणायची, खाली बघून चाल.

रात्री अडचण उजेडाची. सचिवालयाच्या बाजूने फिका पिवळा दिवा, आणि नदीवरून कॅसिनोच्या पाट्यांचा गुलाबी-जांभळा झोत. पाटी बदलली की फारियाचा झगा बदलतो. मित्र म्हणाला, आपण एक दिवा लावू. भाची म्हणाली, नको, असाच दाखवू. ती जिंकली.

२६ जानेवारी, रविवार

नकाशाचा कच्चा मसुदा. रस्त्यांच्या नावांवर अडलो. १८ जून रस्ता हा १९४६ चा, मडगावला लोहियांनी सभा घेतली तो दिवस. ३१ जानेवारी रस्ता मात्र इथला नाहीच. १८९१ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध जो उठाव झाला त्याची ती तारीख. पणजीत त्या दिवशी काय झालं, असं विचारणारे दर फेरीत निघतील. उत्तर: काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वहीत वेगळा काढून ठेवायला हवा.

मांडवीपलीकडच्या बेतीकडचे एक वयस्क ट्रंपेटवादक भेटले. नाव लिहू नकोस म्हणाले. वय ८४. सोफ्यावर पांढरा टॉवेल पसरून त्यावर ट्रंपेट ठेवलेला, वाजवत नाहीत आता, पुढचे दात गेले. मी विचारलं, तुमच्या वेळी पणजीची रात्र किती वाजता संपायची? मला वाटलं दोन, तीन असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, फेरीबोट सांगेल तेव्हा.

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मांडवीवर पूल १९७० चा. त्याआधी बार्देशात जायचं तर गाझोलीनने (मोटरलाँचने) नाहीतर फेरीबोटीने. क्लबात नाच कितीही रंगो, वादकांतले निम्मे पलीकडच्या काठाचे. त्यांनी वाद्यं पेटीत घातली की नाच मोडला. ‘‘निमणी फेरी चुकल्यार न्हिदपाक इगर्जेचीं सोपणां,’’ म्हणाले आणि खूप हसले. शेवटची फेरी चुकली तर झोपायला चर्चच्या पायऱ्या. पुढे ५ जुलै १९८६ ला तोच पूल पडला, तेव्हा पणजीची रात्र पुन्हा काही वर्षं फेरीच्या घड्याळावर आली. तो पूल पडल्याचं मला आठवतं, पण नाचाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांनी सहज सांगितली. क्लबाच्या सालीत (दालनात) ते शेकडो वेळा वाजवायला गेले, पण तिथल्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. वाजवणाऱ्याला स्टूल. तक्रारीचा सूर नव्हता. उलट म्हणाले, मुंबईला पैसे जास्त, स्टूलही चांगलं. गावच्या चर्चशाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचणं) शिकलेली पोरं आधी धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या वसतिगृहांत, राहायची आणि मग हॉटेलांच्या बँडमध्ये. त्यांच्या शेजारच्या रेइश मागुशचे सेबास्तियन डिसोझा हिंदी चित्रपटसंगीताचे मोठे संयोजक झाले, शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यवृंदाचं काम त्यांचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन व्हायोलिन शिकले. हळदोण्याचे चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो शावियेर वाझ, ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवायचे. म्हणजे मुंबईची रात्र ज्यांनी उभी केली त्यांतले कितीतरी हात इथले. आणि पणजीच्या एकाही चौथऱ्यावर वादक नाही. आमच्या दोन रकान्यांच्या वहीत तिसरा रकाना घालावा लागला: कोण नाही.

परत येताना फेरीनेच आलो. पायी माणसाला आजही तिकीट नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाट्टोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, ‘गोमन्तक’चे साठच्या दशकातले अंक चाळले. हे दैनिक मार्च १९६२ चं, मुक्तीनंतर तीन महिन्यांत सुरू झालेलं. जाहिरातींचा कोपरा हाच खरा रात्रीचा इतिहास, पण डोळे दुखले आणि दुपारनंतर झोप आली. आणखी दोन-तीन दिवस बसावं लागेल.

येताना मिनेझीश ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात डोकावलो. निळ्या आझुलेजू फरशांवर जोर्ज कोलासुने १९३५ मध्ये रंगवलेले प्रसंग पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातले. संस्थेचं आधीचं नाव वास्को द गामा, १९६३ मध्ये बदललं. कामोइशचा जुन्या गोव्यातला १९६० चा ब्राँझचा पुतळाही आता संग्रहालयात हलवलाय. इथे दारावरचं नाव बदललं आणि भिंतीवरचं काव्य राहिलं. दालन संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे फेरीत नाही. जीव हळहळला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली चाचणी फेरी. चौदा माणसं, त्यात सहा आमचेच नातेवाईक.

आझाद मैदान आणि बाग छान झाली. भाचीने इगर्जेच्या नागमोडी जिन्यांवर उत्तम सांगितलं: मूळ छोटं प्रार्थनास्थळ १५४१ चं, पुढे सतराव्या शतकात मोठी इमारत, पण आपण फोटोत जे पाहतो ते जिने एकोणिसाव्या शतकातले. शहर राजधानी झाल्यावर त्याला साजेशी दर्शनी बाजू हवी होती. राजधानीचं फर्मान १८४३ चं. घंटा जुन्या गोव्याच्या पडक्या ऑगस्टिनियन मठातली, १८७१ मध्ये इथे चढवलेली. जुनं गोवा उतरवून पणजी बांधली, असं ती म्हणाली तेव्हा मला तिचा हेवा वाटला. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

मग फोंतेन्हास, आणि तिथे फसलो.

रात्रीचे पावणेनऊ. सेंट सेबास्टियनच्या चॅपेलसमोर मी लोकांना आतल्या क्रूसाबद्दल सांगत होतो. तो इन्क्विझिशनच्या वाड्यातला, तिथून सचिवालयाच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. येशूचे डोळे उघडे आहेत. मित्राच्या स्पीकरवरून माझा आवाज समोरच्या घरांच्या बाल्कांवांवर (ओट्यांवर) आपटून परत येत होता, मलाही ऐकू येत होतं. एका दारात झगा घातलेल्या बाई आल्या. ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, ‘‘हें घर, म्युझियम न्हय. भितर म्हजी आवय दुयेंत आसा.’’ आई आजारी.

आम्ही स्पीकर बंद केला. तेवढ्यात आमच्यातल्याच एकाने त्यांच्या शिंपल्यांच्या खिडकीचा फोटो काढला, फ्लॅश लावून. तो माझा मेहुणा. त्याला घरी जाऊन बोललो, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या बाईंनी दार लावलं, बाहेरचा दिवाही मालवला. पुढची गल्ली आम्ही अंधारातून, चपला न वाजवता पार केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

झोप नाही. सकाळी भाचीचा फोन: ‘‘फोंतेन्हास काढू या.’’ मी म्हणालो, अगं, लोक त्याच्यासाठीच येतात. ती म्हणाली, म्हणूनच.

मित्राचं मत वेगळं: स्पीकर काढा, भाग ठेवा. तासभर वाद. शेवटी भाग काढला. हिरव्या-पिवळ्या-निळ्या भिंती, पांढऱ्या पट्ट्यांची खिडकी, कोपऱ्यावरचा मातीचा कोंबडा, हे सगळं दिवसा कोणीही बघू शकतो. पावसाळ्यानंतर दरवर्षी घर रंगवायचं आणि पूर्ण पांढरा रंग इगर्जेला सोडायचा, हा पोर्तुगीज काळचा नियम सांगतात, तोही ऊरें खाडीच्या काठी उभं राहून सांगता येईल. पलीकडून. हळू आवाजात.

दोना पावलाचाही प्रश्न सुटला. लांब आहे, पायी होत नाही, पण सगळे विचारतात म्हणून दोन मिनिटं त्याला. तिथल्या धक्क्यावरची ती पांढरी जोडी म्हणजे बुडालेले प्रेमिक नव्हेत. जर्मन शिल्पकार बॅरनेस यर्सा फोन लाइस्टनरने १९६९ मध्ये केलेलं शिल्प, नाव ‘भारताची प्रतिमा’: एक आकृती पूर्वेकडे पाहते, दुसरी पश्चिमेकडे. मूर्तिकार कोण, विषय काय, हे सगळं नोंदलेलं असताना गाइड मात्र कोळ्याच्या प्रेमात पडलेल्या पोर्तुगीज पोरीची गोष्ट विकतात. आमच्या वहीत पहिल्यांदा असं झालं की चौथराही तोच, मूर्तीही तीच, आणि माणसं बदलली.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोंतेन्हास गेल्याने पंचवीस मिनिटं मोकळी झाली. तिथे काय घालायचं ते आईने ठरवलं. ती ८१ वर्षांची, फेरीचं ऐकून म्हणाली, ‘‘तुमच्या त्या नाचाच्या क्लबांत आम्ही कुठे होतो रे? आमची रात्र देवळात.’’

बरोबर. पणजीत महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली ती १८१८ साली. त्याआधी या शहरात उघडपणे देऊळ नव्हतं. मग पणजीच्या मळा भागातल्या मारुतीची जत्रा, आणि गावोगावच्या जत्रा-काले, जिथे मराठी नाटक रात्री दहाला सुरू व्हायचं आणि पादेराच्या (पहाटेच्या पाववाल्याच्या) काठीचा खुळखुळ ऐकू आला की पडदा पडायचा. आईने सांगितलं, मागच्या रांगेतल्या बायका चटई, शेंगदाणे आणि झोपलेली पोरं घेऊन यायच्या. पोराला जाग आली आणि राक्षस रंगमंचावर असला तर रडारड. कुणाच्या घरचा मुलगा स्त्रीपार्टात असेल तर त्याची आई पुढच्या रांगेत बसायची नाही. लाज नव्हे, दृष्ट लागेल म्हणून. मंगेशीचे दीनानाथ याच रात्रींतून पुढे आले. कोंकणी तियात्राची सुरुवात मात्र गोव्यात नाही, १८९२ मध्ये मुंबईत. म्हणजे तेही वादकांसारखंच, पाणी ओलांडून परत आलेलं.

आता दादा वैद्य रस्त्याने महालक्ष्मीपर्यंत जायचं. दिसायला या वाटेत काही नाही: दुकानं, बंद शटर, एक कुत्रा. पण सांगायला भरपूर.

४ मार्च, मंगळवार

कार्निव्हालचा शेवटचा दिवस. शनिवारच्या मिरवणुकीत किंग मोमोने, म्हणजे कार्निव्हालच्या राजाने, खा-प्या-मजा कराचं फर्मान काढलं, तेव्हा मी गर्दीत होतो आणि एक चप्पल गमावली. आज रात्री क्लुब नासियोनालचा लाल-काळ्याचा नाच. उद्या राखेचा बुधवार, मग चाळीस दिवस उपास.

आम्ही आत गेलो नाही. बाहेरून पाहिलं: लाल फुलाच्या, काळ्या कोटातल्या आज्या-आजोबांना नातवंडं हात धरून जिन्याने चढवत होती. वरून ट्रंपेट ऐकू आला. भाचीने विचारलं, रेकॉर्ड की खरा? मला सांगता येईना. तेवढ्यात स्वर किंचित घसरला आणि परत वर आला. खरा.

१५ मार्च, शनिवार

दुसरी फेरी. अकरा माणसं, नातेवाईक एकच. स्पीकर नाही, मेहुणाही नाही.

महालक्ष्मीपाशी एक सातारकर बाई स्वतःहून सांगू लागल्या की त्यांच्या गावच्या यात्रेतही असंच, आणि दहा मिनिटं त्यांनीच घेतली. घेऊ दिली. मांडवी हॉटेलसमोर, रस्त्यापलीकडून, भाचीने तिची आवडती गोष्ट सांगितली: गोलसर बाल्कन्यांची ही आर्ट डेको इमारत १९५२ च्या शवप्रदर्शनासाठी घाईने उभी केली. बाकी पणजी चिरा, चुना आणि कौलांची असताना या एका इमारतीला जहाज व्हायचं होतं. आज तिच्यासमोर खरी जहाजं आहेत आणि ती कोणाला आवडत नाहीत. लोक हसले.

फारियापाशी सगळे गप्प झाले. गुलाबी झोत होताच. एका मुलाने विचारलं, ती बाई उठणार कधी? मी म्हणालो, तो सांगेल तेव्हा. मग मला बेतीची आठवण झाली आणि मी ट्रंपेटवाल्यांचं सगळं सांगितलं. पुतळ्याशी संबंध नसताना. त्याला वेळापत्रकात जागाच नव्हती, म्हणून आता शेवटचा थांबा धक्क्यावर, नावच द्यायचं: निमणी फेरी.

फेरी संपल्यावर मित्राने गाडीतून बाटली काढली. यंदाचा पहिला हुर्राक (काजूची दारू), लिंबू आणि मिरची घालून. भाची गाडी चालवणार म्हणून तिला नुसता लिमोनाद. पलीकडून बेतीची फेरीबोट सुटली होती, तिचा दिवा अजून अर्ध्या पाण्यात होता.

पुढची कामं: ग्रंथालयात दोन दिवस. नकाशात फोंतेन्हासच्या जागी खाडीकाठचा थांबा. मेहुण्याशी समेट.